देवाची आज्ञा प्रथम म्हणजे नेमकं आधी काय करायचं?

प्रश्न: मावशी, सलाम. मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. रोज पहाटे शास्त्र वाचते, रविवारची उपासना चुकवत नाही, दशमांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देते, बुधवारी आणि शुक्रवारी प्रार्थनासभेलाही जाते. तरी ‘देवाची आज्ञा प्रथम’ असा उपदेश ऐकला की पोटात गोळा येतो. साहेब माल न येताच आलेली बिलं एंटर करायला सांगतात. नवरा म्हणतो, तू घरात कमी आणि चर्चमध्ये जास्त असतेस. नणंदेशी दोन वर्षं बोलणं नाही. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणतात, विश्वास असेल तर उद्याच राजीनामा दे. मी देवाला प्रथम ठेवते आहे की नाही, हेच कळेनासं झालंय. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

सलाम बेटा,

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा बिलांपाशी अडले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, नणंदेला तू सगळ्यांत छोटं वाक्य दिलंयस. त्यावर येतेच. आधी माझी एक जुनी गोष्ट ऐक. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. ३६ वर्षं नर्सिंग केलं, २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या मंडळीतल्या बायकांचा गुरुवारचा शास्त्राभ्यास घेते. आज्ञापालनाबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते वॉर्डात कळलं.

साल १९८४. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता आणि बुधवारी संध्याकाळी सहाला सभा असायची. माझी दुपारपाळी आठला संपायची, पण सभेसाठी तासभर सोडायचे. अट एकच, सहाचा टीपीआर उरकून जायचं. म्हणजे प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी, श्वास मोजून चार्टवर लिहायचं. त्या दिवशी पावणेसहा झाले तरी निम्मा वॉर्ड बाकी होता. उरलेल्या अकरा जणांच्या चार्टवर मी दुपारचेच आकडे थोडे वरखाली करून चढवले, सही ठोकली आणि सायकल काढली. दारात आयाबाई उभी होती. म्हणाली, “सिस्टर, देवाच्या घरी चालल्या का? मंग ह्या बुढ्याले कोन पायीन?” बुढा म्हणजे काटोलकडचे एक बाबा, हर्नियाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. मी हसून “आलेच” म्हटलं.

आठ वाजता रात्रपाळीच्या सिस्टरने बाबांच्या कपाळाला हात लावला, तर भट्टी. चार्टवर ९८.४, अंगात १०३. जखमेत पू झाला होता. डॉक्टरांनी टाके उसवले, बाबा वाचले, पण दहा दिवस जास्त पडून राहिले. त्या संध्याकाळी आम्ही कोणतं गीत म्हणत होतो, ते मला आजही आठवतं. दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना खरं सांगितलं. मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. बाबांपुढे जाणं त्याहून जड गेलं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, “बाई, तिथं माह्यासाठी काई मागतलं का?”

मागितलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस बायबलमधल्या पहिल्या शमुवेलचा १५ वा अध्याय उघडून बसत असे. (त्यातली लढाई आणि संहार वाचून माझ्याही अंगावर काटा येतो, तो वेगळा विषय आहे.) शत्रूचं सगळं, जनावरांसकट, नष्ट कर अशी शौल राजाला आज्ञा असते. तो मोहिमेवरून परत येतो आणि शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हा मेंढरांचा आवाज कुठून येतोय? शौलाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे: लोकांनी उत्तम जनावरं राखून ठेवली, ती परमेश्वराला अर्पण करण्यासाठी. आज्ञा मोडल्याचं कारण काय, तर उपासना! तिथेच शमुवेल म्हणतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. हे वचन आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं, पण ते एका अतिशय धार्मिक सबबीला दिलेलं उत्तर आहे, हे कॅलेंडरवर कुठून दिसणार? माझ्या चार्टवरची सही म्हणजे शौलाची मेंढरंच होती.

मग मी पेन्सिल घेऊन मत्तयाचं शुभवर्तमान वाचलं. येशू ऐकणाऱ्याला ‘आधी हे कर’ असं कुठे कुठे सांगतो, तिथे खूण करत गेले. चार जागा ठळक सापडल्या. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, प्रथम जाऊन समेट कर. प्रथम देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झट. प्रथम आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातल्या कुसळाकडे बघ. आणि परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धार्मिकांना सांगितलेलं, प्रथम वाटी आतून साफ कर. यातलं एकही ‘प्रथम’ सभेला जाण्याबद्दल नाही. एक तर चक्क उपासनेतून उठवून बाहेर पाठवतं. आपण ‘देव प्रथम’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वेळापत्रक असतं: पहाटे किती वाजता उठले, आठवड्यात किती सभा केल्या. येशूच्या तोंडी तो शब्द येतो तो हिशेब, भांडण आणि स्वतःच्या मनाची घाण यांच्या संदर्भात.

म्हणून माझं मत सरळ आहे. जी आज्ञा आज स्पष्ट कळली आहे आणि जिच्यासाठी काहीतरी सोडावं लागणार आहे, तिला उशीर न करणं म्हणजे देवाला प्रथम ठेवणं. बाकीचं सगळं, सभा, उपवास, पहाटेचं वाचन, हे तिला बळ मिळावं म्हणून. ती टाळता यावी म्हणून नव्हे.

आता बिलं.

तू एंट्री करतेस तेव्हा काय म्हणतेस, याचा विचार कर. अमुक तारखेला इतका माल आमच्याकडे आला, असं तू लिहून देतेस. ती साक्ष झाली. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे, तिच्यासाठी वेगळं मार्गदर्शन मागत बसायची गरज नाही. आमच्या गुरुवारच्या गटातही मी हेच बघते, आज्ञा नकोशी असली की आपण म्हणतो, “मी यावर प्रार्थना करतेय.” प्रार्थना जरूर कर, पण धैर्यासाठी कर. आणि देवाचं राहू दे, सरकारचा कायदाही इथे गप्प नाही. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १३२ मध्ये मालाशिवाय बिल काढणं आणि तसल्या बिलावर कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेणं हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि रक्कम मोठी असेल तर शिक्षा तुरुंगाची आहे. चौकशी आली की एंट्री कोणाच्या लॉगिनने झाली हे पहिल्यांदा बघतील. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, हे तू कुठून दाखवणार?

पण उद्याच राजीनामा, हे मला पटत नाही. ज्या बाईंनी सांगितलं, त्यांना नम्रपणे विचार की पुढच्या महिन्याचा किराणा कोण भरणार. दुसऱ्याच्या नोकरीवर विश्वास दाखवणं फार सोपं असतं.

आमच्या धंद्यातल्या दोघींची गोष्ट सांगते. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा नावाच्या सुइणी आहेत. मिसरच्या राजाने त्यांना हुकूम दिला की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी मारलं नाही, कारण त्यांना देवाचं भय होतं. पण सुइणीचं काम सोडून त्या घरी बसल्या असं काही तिथे लिहिलेलं नाही. बाळंतपणं करत राहिल्या, फक्त तो एक हुकूम त्यांच्या हातून झाला नाही. बाबेलच्या राजदरबारी बंदी म्हणून नेलेल्या दानीएलाचंही तसंच. राजाचं अन्न नको, एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि अधिकाऱ्याला त्याने पर्याय दिला: दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा, मग चेहरे पारखा. वाद घातला नाही, उपदेश केला नाही. अधिकाऱ्याची मान अडकणार नाही, याचीही काळजी घेतली.

तू तुझे दहा दिवस असे माग. सोमवारी साहेबांना सांग, “सर, गेटवरची आवक नोंद, वजनकाट्याची पावती आणि बिल्टी (वाहतुकीची पावती) जोडलेली असेल तर मी त्याच दिवशी एंट्री करते. ते नसेल तर माझ्या हातून होणार नाही.” आवाज चढवू नकोस. बायबलचं वचनही तोंडावर फेकू नकोस, त्यांना ते ऐकायचं नसतं आणि आपल्याला उगाच शहीद झाल्यासारखं वाटतं. बोलणं झालं की तेच दोन ओळींत ईमेलवर टाक. तुझा पासवर्ड कोणाला देऊ नकोस. आतापर्यंत ज्या एंट्र्या केल्यास, त्यांचं काय करायचं हे साहेबांशी बोलण्याआधी एखाद्या ओळखीच्या सीएला किंवा वकिलाला विचारून घे. तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्यात अर्धवट सल्ला घातक ठरेल.

साहेब कदाचित दुसऱ्याकडून करून घेतील. कदाचित तुझी इन्क्रिमेंट जाईल, कदाचित नोकरीही. ही किंमत खरी आहे, मी ती झाकून ठेवणार नाही. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे पेत्राचं वाक्य आपण मोठ्या आवाजात म्हणतो, पण त्याच प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पुढे काय होतं? त्यांना फटके बसतात. ते फटके त्यांनी स्वतः खाल्ले, दुसऱ्याला खायला लावले नाहीत. एवढं मात्र लक्षात ठेव: नोकरी शोधायला वेळ लागेल, तो घे. खोटी एंट्री बंद करायला वेळ घेऊ नकोस. ‘दुसरी मिळेपर्यंत करते’ हा मधला मार्ग मी पुष्कळांना घेताना पाहिला आहे. त्यात दुसरी कधी मिळतच नाही.

घराकडे येऊ या. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला सैतानाचा अडथळा वगैरे वाटत नाही. तुमच्या गटात कोणी तसं म्हटलं तर ऐकू नकोस. बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि नोकरीचे सहा दिवस. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ‘कुर्बान’ या प्रकारावर तुटून पडतो. आईबापांना द्यायचा पैसा ‘हा देवाला वाहिला आहे’ असं जाहीर केलं की द्यावा लागत नसे, अशी ती पळवाट होती. देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडायची. आमच्या ओळखीत एक गृहस्थ होते, कन्व्हेन्शनच्या वर्गणीत त्यांचं नाव पहिलं असायचं, आणि त्यांच्या आईच्या बीपीच्या गोळ्या शेजारीण आणून द्यायची. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देणाऱ्यांना येशूने न्याय आणि दया विसरलात म्हणून झापलं, हे मत्तयात आहेच. त्याने जिरं देऊ नका असं म्हटलेलं नाही, तेही करा म्हटलं. तेव्हा दशमांश चालू ठेव, पण तुझ्या घरात कुणाच्या गोळ्या अडल्या नाहीत ना, हे आधी बघ. आणि एक सभा सोड. कोणती, ते नवऱ्याला विचारून ठरव. त्या संध्याकाळी घरी राहून पुन्हा मोबाइलवर उपदेश लावून बसू नकोस म्हणजे झालं.

याच विषयावर नागपूरच्या माणसाला टिळकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा रेव्हरंड नव्हते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी वाचायला घेतला आणि गिरिप्रवचनापाशी, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या उपदेशापाशी येऊन ते थांबले. तेच गिरिप्रवचन, ज्यात मघाच्या चार ‘प्रथम’पैकी तीन आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धैर्यावर मी लहानपणापासून कितीतरी उपदेश ऐकले. पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतर नवऱ्यापासून दूर जी वर्षं काढली, त्यांच्यावर एकही ऐकला नाही. त्या बाईचे हाल झाले. टिळकांनी आज्ञा मानली याबद्दल मला शंका नाही, पण तिची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही, हेही तितकंच खरं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते, की टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली, आणि लक्ष्मीबाई १९०० मध्ये आपल्या विचाराने, आपल्या पायांनी बाप्तिस्म्याला आल्या. तुझ्या नवऱ्याला तुझ्या वेगाने चालायला लावू नकोस.

आणि आता ती नणंद.

‘अर्पण तिथेच ठेव’ हे येशू गालीलात बोलला. वेदी होती यरुशलेमेत. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, पायी तीन-चार दिवसांचं. नागपूरहून पायी निघून अमरावतीच्या वाटेवर निम्म्याहून पुढे जावं, एवढं. माणूस तिथवर जनावर घेऊन पोहोचला, वेदीपुढे उभा राहिला, आणि त्याला भाऊ आठवला, जो गावी गालीलात आहे. येशू म्हणतो, जा परत. ऐकणारे हसले असतील, असं मला नेहमी वाटतं. तुझी नणंद कुठे राहते? जरीपटक्याला असो की कामठीला, बसने तासाभराच्या आत आहे.

माझा आणखी एक अनुभव. २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या (वेगवेगळ्या पंथांची चर्चेस) एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ती इथेच, आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. मी १३ वर्षांची होते. काय तो उत्साह! अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट सगळे एक झाले म्हणून मोठी माणसं डोळे पुसत होती. आणि आमच्याच मंडळीत दोन सख्खे भाऊ होते, घराच्या वाटणीवरून बिनसलेले. एक उजवीकडच्या बाकावर, दुसरा डावीकडच्या. त्या आनंदातही ते एकमेकांशी बोलले नाहीत आणि नंतरही प्रभुभोजन घेत राहिले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, कोणी एक शब्द बोललं नाही. धाकटा गेला तेव्हा थोरला कबरस्तानात पेटीवर हात ठेवून जे रडला, ते मी अजून विसरले नाही.

भांडणात चूक कोणाची, हे मला माहीत नाही आणि तू लिहूही नकोस. त्या वचनात चूक कोणाची हा प्रश्नच नाही, भावाच्या मनात काही आहे एवढं पुरेसं आहे. जाऊन काय बोलायचं? थोडं बोल. “दोन वर्षं झाली, मला बरं वाटत नाही. माझं जे चुकलं त्याची माफी दे.” आणि थांब. ‘पण तूही’ हे दोन शब्द जिभेवर येतील, ते गिळ. पैशाचा किंवा दागिन्याचा व्यवहार असेल तर तो परत करूनच जा. मोशेच्या नियमशास्त्रात हडपलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा घालायला सांगितलंय, आणि शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता. ती दार उघडणार नाही, असंही होईल. मग पुन्हा जा, सणाला फोन कर. समेट दोघांनी होतो, पण चालत जाणं एकटीने होतं.

रविवारी ड्यूटी लागली तर काय, ऑफिसात गणपतीचा प्रसाद आला तर काय, हे प्रश्न तू विचारले नाहीस, पण पुढे विचारशील. ड्यूटीचं उत्तर सोपं आहे, आजारी माणूस रविवार बघून आजारी पडत नाही आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी आहे. प्रसादावर, म्हणजे मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला तीन अध्याय लिहिलेत, त्यामुळे माझ्याकडून एका ओळीची अपेक्षा करू नकोस. एवढंच बघ, की नाही म्हणताना समोरच्या ताईचा हात हवेत लोंबकळत राहू नये.

शेवटी तो पोटातला गोळा. वॉर्डात पेशंटला विचारलं, कुठे दुखतं, आणि तो म्हणाला, “सगळीकडेच”, की आम्ही एकेका जागी बोट दाबून बघायचो. ‘मी देवाला कमी पडते’ हे सगळीकडे दुखणं आहे, त्यावर औषध नाही. देवाचा आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो: ही एंट्री, हे दार. बोट ठेवता येत नसेल तर तो अपराधीपणा बहुधा माणसांनी दिलेला असतो, तो उतरवून ठेव. तुझं तारण तुझ्या सभांच्या हजेरीवर नाही, कृपेवर आहे, आणि हे तू रविवारच्या शाळेत पाठ केलेलं आहेस. रात्री झोपताना लांबलचक आत्मपरीक्षण नको. आज काय कळलं होतं आणि टाळलं, एवढंच विचार. काही आठवलं तर सकाळी उठून ते कर, मग शास्त्र उघड. मी हा क्रम १९८४ पासून पाळायचा प्रयत्न करते. कळतं पण वळत नाही, असे दिवस अजूनही येतात, मागच्याच आठवड्यात दोन आले.

शनिवारी तुला अर्धा दिवस असेल, तर तेव्हा नणंदेकडे जा. साहेबांशी सोमवारी. क्रम उलटा करू नकोस, नणंदेकडून आलीस की साहेबांपुढे तोंड उघडायला फारसं जड जाणार नाही. हात हलवत जाऊ नकोस, आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत, दोन डझन घे. आणि रविवारी रात्री मला फोन कर, काय म्हणाली ते सांग. नऊच्या आत कर, त्यानंतर मी गोळी घेऊन झोपते.